माझ्याच खोलीची नोटीस

काय सांगू तुम्हाला, मी जन्माची भित्री. आमचं गाव लांज्याच्या आत, तिथं माझी आई बोलायची, ही पोर कोंबडीच्या पिल्लाला पण घाबरते, आणि खरंच घाबरायची मी. लग्न करून आली ती नाहूरला. आमचे हे मुलुंडच्या एका कारखान्यात होते, त्यांनी बैठ्या चाळीत ही खोली घेतली, पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, दारात दोन पायऱ्या. मूलबाळ काय झालं नाय. आणि गंमत बघा, काम भेटलं ते दुसऱ्यांच्या बाळांचं, बाळ-बाळंतिणीची मालीश, न्हाऊ घालणं, शेक देणं. तीस-बत्तीस वर्षं तेच केलं. माझ्या पायांवर न्हालेली पोरं आता बाप झाली, त्यांची पोरं पण मीच न्हाऊ घातली. बाळाला मी कधी घाबरली नाय, हां. माणूस मोठा झाला की मग मला त्याची भीती वाटते.

हे गेले तेव्हा एकटीने राहायचं म्हटलं की रात्रभर दिवा लावून बसायची. जोगेश्वरीला माझा धाकटा भाऊ दत्ता, तो बोलला, ताई, माझ्याकडे ये, पोरांना पण बघशील. मी गेली. खोली भाड्याने दिली मंगेशला. मंगेश, त्याची बायको वैशाली आणि त्याचे वडील, अण्णा. अण्णा एका ऑफिसात हेडक्लार्क होते, अक्षर असं की बघत राहावं, पण गुडघे पार गेलेले. दारातल्या दोन पायऱ्या उतरायच्या तर काठी धरून, भिंत धरून, आणि वर देवाचं नाव. बाकी सगळा वेळ खिडकीपाशी खाटेवर. माणसं चांगली, खोटं कशाला बोलू. दर अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट नवीन व्हायचं, संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन जायची, वैशाली मला मावशी बोलायची.

यंदा दत्ताच्या मुलाचं लग्न ठरलं. एक दिवस दत्ता बशीत चहा ओतता ओतता बोलला, ताई, आता सून येणार, जागा कुठे आहे, तुझी नाहूरची खोली आहे ना, लग्नाच्या आत बघ कायतरी. बस, येवढंच. ना कागद, ना सही, ना महिना. सतरा वर्षं त्या घरात मी त्याची पोरं वाढवली, आणि मला नोटीस आली ती अशी, चहाबरोबर. मी हो बोलली. बशी धुऊन ठेवली आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

मग नाहूरला गेली सांगायला. एकदा गेली, दोनदा गेली. वैशाली पोहे करायची, अण्णा तब्येत विचारायचे, मी माझ्याच घरात पाहुणीसारखी टेकून बसायची आणि पोहे खाऊन परत यायची. तिसऱ्यांदा धीर केला, बोलली, मंगेश, खोली लागेल रे मला. तो बोलला, हो हो मावशी, बघू ना. आणि टीव्ही बघायला लागला. झालं.

तेव्हा अंधेरीला एका वकीलबाईच्या बाळाला मी न्हाऊ घालत होती. तिचं बाळ माझ्या पायांवर पालथं, मी पाणी घालतेय आणि ती मला शिकवतेय. मावशी, असं तोंडी बोलून काय होत नाय, लिहून द्यावं लागतं. तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक महिन्याची मुदत आहे, तेवढी द्यायची. कागदावर तारीख हवी, दोन प्रती हव्यात, एक त्याला द्यायची, दुसरीवर मिळाली म्हणून त्याची सही घ्यायची. त्याचीच, हां, अ‍ॅग्रीमेंट त्याच्या नावावर आहे. नाय घेतली तर रजिस्टर पोस्टाने पाठवू. आणि भांडायचं नाय, कुलूप बदलायचं नाय, लाइट तोडायची नाय. मी बोलली, बाई गं, मी कसली कुलूप बदलतेय, मला कडी वाजवायला भीती वाटते. तिने दोन्ही कागद टाइप करून दिले, मी ते पिशवीत न ठेवता ब्लाउजात ठेवले.

आता माझी चूक ऐका. मी मुद्दाम दुपारची गेली. मला माहीत होतं, मंगेश कामावर असतो आणि वैशाली शिवणाच्या क्लासला. मला मंगेशचं तोंड बघायचं नव्हतं हो! अण्णा एकटेच होते. मी कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं. उशीजवळचं पेन घेतलं, सही केली, खाली तारीख घातली. मग बोलले, सुमनबाई, मंगेशला मी सांगतो, तुम्ही निर्धास्त राहा. मला येवढं हलकं वाटलं की स्टेशनाबाहेर उभी राहून मी वडापाव खाल्ला. वकीलबाईने विचारलं, मंगेशने सही केली ना? मी हो बोलली. तिला पण घाबरली, दुसरं काय.

महिनाभर कोणाचा फोन नाय. मी मनाशी बोलली, जागा शोधत असतील. फोन करून विचारायचं, तर बोट बटणावर जाऊन परत यायचं. इकडे दत्ताकडे रंग लागला, माझ्या कोपऱ्यात नवीन कपाट आलं. मुदत संपली त्या रविवारी मी ट्रंक आणि वळकटी रिक्षात घालून नाहूरला उतरली. दार वैशालीने उघडलं, हात पिठाचे, ट्रंकेकडे बघून बोलली, मावशी, गावाला निघालात का?

अहो, त्यांना काय माहीतच नव्हतं. मंगेश बाहेर आला, मी माझी प्रत काढून दिली, त्याने सही बघितली आणि मान फिरवून खाटेकडे बघितलं. अण्णांनी गादीखाली हात घातला आणि घडी केलेला कागद काढला. बोलले, मी लपवला. आता आपल्याला परवडेल ती जागा वरच्या मजल्यावरची असणार, मी एकदा वर गेलो की परत खाली येणार तो चौघांच्या खांद्यावर. भीती वाटली रे मला.

मंगेश खूप ओरडला, त्यांच्यावर पण, माझ्यावर पण. अ‍ॅग्रीमेंट माझ्या नावावर, सही अण्णांची, ही काय नोटीस झाली? मी वकीलबाईला फोन लावला. ती बोलली, मावशी, तो बरोबर बोलतोय, आणि तुम्ही मला खोटं सांगितलंत, आता परत द्या, आजपासून महिना. महिना! मी कुठे जाऊ महिनाभर? मी ट्रंकेवर बसली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडली. आयुष्यात पयल्यांदा.

तेव्हा अण्णा बोलले, वैशाली, कोरा कागद आण. आणि बसले लिहायला. मी बोलली, अण्णा, राहू द्या. ते बोलले, सुमनबाई, चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं लिहिली, मला येतं. माझ्या नावाने लिहिलं, मंगेशला उद्देशून, की खोली मला स्वतःला राहायला पाहिजे, आजपासून एक महिन्यात मोकळी करून द्यावी. दोन प्रती. ओळ अगदी सरळ. मी सही केली आणि मंगेशपुढे धरली, त्याच्या तोंडाकडे बघून, कारण आता पळायला जागाच नव्हती. तो किती वेळ पेन धरून उभा. वैशाली बोलली, करा ना सही, आणि मावशी तोवर स्वयंपाकघरात झोपतील, ट्रंक घेऊन कुठे फिरतील त्या? त्याने सही केली. माझ्याशी अजून नीट बोलत नाय, पण चहा मांडला की एक कप जास्त ठेवतो, माझा.

त्यांनी टिटवाळ्याला जागा बघितलीय, दुसरा मजला, लिफ्ट नाय. म्हणून मी रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून अण्णांच्या पायांना लावते, गुडघ्यापासून खाली, जसं बाळाच्या पायांना लावते तसंच. मग दारातल्या दोन पायऱ्या उतरवते, चढवते, परत उतरवते. काल चार वेळा झाल्या. दर वेळी विचारतात, जमेल ना हो मला? मी बोलते, न जमायला काय झालं. पण आतून मला धास्ती आहे. ते नाय गेले तर मी रस्त्यावर, आणि गेले तर ह्या खोलीत मी परत एकटी, जिला घाबरून मी पळाली होती तीच ही खोली. देवाने त्यांच्या गुडघ्यांत बळ द्यावं, येवढंच मागते. नोटिशीचे अजून नऊ दिवस आहेत.