कब्रस्तानातलं गवत

बायको अमीरबी दवाखान्यात वारल्याची खबर आली, तेव्हा तय्यबभाई अहमदपूरच्या कब्रस्तानात गवत कापत होते. त्याला एकोणचाळीस दिवस झाले. आज ते गवत कापायचं मशीन घेऊन मार्तंड मिस्त्रीकडे आले. फवारणीचा पंप घेऊन आलेले राघवेंद्र गुरुजी बाकावर बसून ऐकत होते.

“दोरी ओढून खांदा गेला, मिस्त्री. करंटच येईना.”

“कॉइल कुणी हलवली?”

“म्याच. मधी कार्ड घालून आवळली, तुम्ही करता तशी.”

“कोणतं कार्ड?”

“आधार कार्ड.”

“अवो, ते प्लास्टिकचं लई जाड हाय! कॉइल चाकाच्या चुंबकापासून लांब राह्यली. पातळ व्हिजिटिंग कार्ड लागतंय तिथं.”

“आधार सगळीकडं चालतंय म्हणतात की.”

“माझ्या दुकानात न्हाई चालत. हे बघा, कार्ड घातलं, कॉइल टेकवली, आवळली, कार्ड काढलं. ओढा आता.”

मशीन पहिल्याच ओढीला सुरू झालं. मिस्त्रीनं ते बंद करून विचारलं,

“पण आधी बिघडलं काय होतं?”

“काय न्हाई.”

“मग चालू मशीन खोललं कशाला?”

“उद्या चाळिसावा. बुशरा येणार हाय. म्हणली, अब्बा, अम्मीच्या कबरीभवती तेवढं कापून ठिवा.”

“मग?”

“निघालो होतो. म्हणलं, आधी मशीन बघून घ्यावं.”

“आता झालं की नीट. न्या.”

“आज ऱ्हाऊ द्या इथंच.”

तय्यबभाई रिकाम्या हातानं घरी गेले. कबरीभोवतीचं गवत कापायचं राहिलं.