मातेची सही

थांबा, थांबा ताई — वर कशाला जाता? एवढा उभा जिना, त्यात खांद्याला ती पिशवी — द्या की इकडेच. सूनबाईच्या नावाचं आहे ना? मग मी काय परका? सासरा आहे तिचा. खाली माझं हे बाइंडिंगचं दुकान, वर आमचं घर, आजवर घरातलं सगळं टपाल ह्याच टेबलावर पडत आलंय. तुमच्या आधीचे ते मिशीवाले पोस्टमन — ते तर दारातूनच "मालक, घ्या" म्हणायचे आणि सायकलवर टांग टाकायचे. कधी पायरी चढले नाहीत बिचारे. — काय? रजिस्टर आहे? ज्याचं त्याच्याच हातात? बघू — नाही हो, घेत नाही, नुसतं बघतो, हाताला खळ लागलीय माझ्या. हं. पाकीट आहे. खोकं नाही, पाकीट. — बसा ना जरा. त्या स्टुलावर नको, तिथं पुठ्ठे वाळत घातलेत, इकडं या. पाणी घ्या. ती गच्चीवर कपडे वाळत घालतेय, लगेच काही खाली यायची नाही. पाच मिनिटांनी काय पोस्ट बुडतंय?

पाकिटाच्या कोपऱ्यातला तो निळा ससा ओळखलात तुम्ही? त्या कंपनीचा शिक्का आहे तो. तुम्हीच आणलं होतंत ना मागे त्यांचं खोकं — नवीनच होतात तुम्ही तेव्हा, पहिला आठवडा असेल, मी कागद आणायला गेलो होतो, दुकानाला कुलूप, म्हणून तुम्ही सरळ वर जाऊन तिच्या हातात दिलंत. नाही नाही, तुमची काय चूक? तुमचं कामच ते. चूक त्या कंपनीची. लहान मुलांचं सामान विकतात — लाळेरी, टोपडी, दुपटी. कुणी मागवलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही, आणि दर महिन्याला आपलं खोकं दारात. आत चिठ्ठी — पसंत असेल तर ठेवा, नसेल तर पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर पैसे पाठवा. ही काय रीत झाली? उद्या मी तुमच्या घरात दोन ग्रंथ टाकीन बांधून आणि म्हणेन, काढा पैसे! — अगदी बरोबर, घ्यायचंच नाही, परत पाठवायचं. मलाही ठाऊक होतं ते. पण ते इतकं सोपं नव्हतं हो. कारण अगदीच कुणी मागवलं नव्हतं असंही — म्हणजे सामान नव्हतं मागवलं. एक कार्ड भरलं होतं. एवढंसं कार्ड.

कसं झालं, सांगतो. सूनबाईला दिवस राहिले होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आम्ही आशा सोडली नव्हती पण बोलणं सोडलं होतं — आणि मग एक दिवस मुलगा खाली आला, इथं, ह्या दाबाच्या यंत्रापाशी उभा राहिला, आणि नुसताच हसत राहिला. मी समजलो. त्याची आई असती तर — जाऊ दे. मी औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध आणायला गेलो, तिथं काउंटरवर ती कार्डं ठेवलेली. होणाऱ्या आईचं नाव, पत्ता, महिना कुठला, ते लिहून टाका पेटीत — बाळाच्या नोंदींची वही फुकट. पहिला दात कधी, पहिलं पाऊल कधी, फोटो चिकटवायला जागा. फुकट ते पौष्टिक, म्हटलं. आणि खरं सांगू, बाइंडर माणूस मी, मला बघायचं होतं त्यांनी बांधणी कशी केलीय. आली ती वही — नुसती पाठीला डिंक! शिलाई नाहीच. दोनदा उघडली की पानं हातात. मी खुशीत आलो, म्हटलं, ही ठेवा बाजूला, माझ्या नातवाला मी बांधीन वही, त्याच्या नातवापर्यंत टिकेल अशी. — असो. त्या कार्डावर खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, इतर सामान वेळोवेळी पाहण्यासाठी पाठवावे. मी चष्मा नेला नव्हता. आणि त्याखाली एक रेघ. रेघेखाली छापलेलं — मातेची सही.

मी केली. हो, मीच केली, दुसरं कोण करणार? ती पावत्या लिहायची ना माझ्या दुकानात, शेवटच्या अक्षराला शेपूट काढते ती, लांबलचक, पतंगासारखं — मी रोज बघायचो. तसंच काढलं शेपूट. त्यात मला काही गैर वाटलं नाही, ताई. वाटलं, घरचंच तर आहे.

सातव्या महिन्यात गेलं ते. मुलगी होती. दवाखान्यातून दोघं आली, मी दार उघडलं, तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती आणि ती पिशवी तिनं अशी छातीशी धरलेली. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला, तर तिनं दिली नाही. मी खाली आलो, दुकान उघडलं, दिवसभर पुठ्ठे कापत बसलो — कुणाचे, कशाला, आजही सांगता यायचं नाही.

आणि दोन महिन्यांनी पहिलं खोकं. मिशीवाल्यांनी टेबलावर ठेवलं. उघडलं तर सहा लाळेरी आणि वर चिठ्ठी, अभिनंदन, तुमचं बाळ जगात आलं! मी सगळं कोंबलं त्या खालच्या खणात, रद्दीच्या मागं. पुढच्या महिन्यात मोजे. अभिनंदन, बाळ महिन्याचं झालं. मग खुळखुळा. कंपनीच्या वहीत पोर वाढत होतं ना. — परत का नाही पाठवलं? फॉर्म होता की आत. परत करण्याचं कारण, चौकटीत खूण करा — रंग आवडला नाही, माप लहान झालं, माप मोठं झालं, इतर. त्या 'इतर'पुढं एवढीशी जागा. मी पेन घेऊन बसलो होतो एकदा दुपारभर. नाही लिहिता आलं. पैसे भरून टाकले तिच्याच नावानं, म्हटलं, गप्प बसतील. गप्प कसले बसतात, चांगलं गिऱ्हाईक समजले.

आणि मग ते तुमच्या हातचं खोकं. मी कागद घेऊन आलो, जेवायला वर गेलो, तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात झबलं. पिवळं, बारीक फुलाफुलांचं. मुलगा त्या दिवशी लवकर आलेला — मीटर तपासायला फिरतो तो दिवसभर — त्यानं चिठ्ठी वाचली आणि सरळ कंपनीला फोन लावला. चांगलंच झापलं त्यांना. मग ऐकत राहिला. मग त्याचा आवाज खाली खाली आला. फोन ठेवून तिला म्हणाला, "ते म्हणतात, तुझी सही आहे त्यांच्याकडे. पैसेही तूच भरतेस म्हणे."

ती म्हणाली, "नाही."

"अगं, सही आहे तुझी."

"मी नाही केली."

तो रागावला नव्हता हो. रागावला असता तर बरं. तो घाबरला होता. तिला असं हळू हळू विचारत होता, लहान मुलाला विचारावं तसं — आठवून बघ, त्या दिवसांत तू नीट झोपत नव्हतीस, होतं असं कधीकधी — आणि मी तिथंच होतो. ताटावर बसलेलो. माझ्या हातात घास होता. तेव्हाच बोलायचं होतं, ताई. एक वाक्य होतं. मी तो घास तोंडात घातला. चावला. गिळला.

पुढं काय सांगू? डॉक्टर झाले. गोळ्या सुरू झाल्या. शिलाई करायची ना ती माझ्याकडं, दुमडलेल्या पानांचे फर्मे एकात एक घालून दोरा ओवायची, माझ्यापेक्षा सरळ टाका — तिला सुई ओवता येईना. आणि स्वतःवरचा भरवसाच उडाला तिचा. गॅस बंद केला की कागदावर लिहायची, "गॅस बंद केला." दाराला कडी लावली की लिहायची. माझ्या कातरणातल्या पट्ट्या न्यायची त्यासाठी, मूठ मूठ. एक दिवस खाली आली, इथं, तुम्ही बसलात तिथं बसली, आणि मला विचारते, "बाबा, मीच भरलं असेल का हो ते कार्ड? मला काही आठवतच नाही."

आणि मी — मी काय म्हणालो असेन? "होतं गं असं. मनावर घेऊ नकोस."

बघू नका असं माझ्याकडं. मला ठाऊक आहे. आरशात दाढी करतो ना मी, मला ठाऊक आहे. पण मला भीती वाटली. माझं कोण आहे दुसरं? डोळे चालले, हात चालले, ह्या दोघांच्या ताटातलं जेवतो मी. आज बोलू, उद्या बोलू — आणि जितके दिवस जातात ना, तितकं ते वाक्य जड होत जातं. पहिल्या दिवशी नुसती चूक होती ती. दुसऱ्या आठवड्यात त्या चुकीचं पाप झालं.

शेवटी सांगितलं मी. हो! सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी. पट्ट्यांचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती, एकेक वाचत होती, मला बघवेना. म्हटलं, सूनबाई, तू काही केलेलं नाहीस. ऐक माझं. ह्या कंपन्या लबाड असतात, दवाखान्यातून नावं काढतात, सह्या आपल्याच ठोकून देतात, मी पेपरात वाचलंय. — आता हे काही अगदी खोटं — खोटंच आहे. पण तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. रडली, हसली, परत रडली. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे ना बाबा?" म्हटलं, ठीक आहे, अगदी ठीक आहे. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं आणि तो पोरगा — एवढा मोठा गडी — माझ्यापाशी येऊन बसला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही होतात म्हणून. मी तर तिला वेडी ठरवायला निघालो होतो." आणि मी तो हात काढून घेतला नाही. तिला सोडवली कुणी, तर मी. मला त्या दिवसापासून पहिला गरम घास मिळतो. तोंडात फिरतो नुसता.

गोळ्या बंद झाल्या. सुई परत ओवायला लागली. वाटलं, सुटलो. पण ती आता धीट झालीय ना — म्हणाली, बाबा, असं सोडायचं नाही, दुसऱ्या कुणाला छळतील ते. पत्र लिहिलं तिनं कंपनीला, माझं कार्ड मला दाखवा, माझी म्हणता ती सही दाखवा. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, छान लिहिलंयस. मी टाकतो पोस्टात, म्हटलं — तर म्हणाली, कशाला, ताई येतीलच आता. तुमच्याच हातात दिलं तिनं ते, जिन्याच्या तोंडाशी. आणि हे त्याचं उत्तर. ह्यात ते कार्ड आहे, ताई. नक्कल असेल नाहीतर मूळ, पण कार्ड आहे. सही जमली होती मला. पण बाकी सगळं कार्ड — नाव, पत्ता, महिना — ते माझ्या अक्षरात आहे. चाळीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर नावं काढतो मी, हे बघा, हे रॅक भरलंय — तिला काय ओळखायला लागणार आहे? उघडलं की संपलं.

म्हणून म्हणतो, इथं ठेवा. मी सांगेन तिला, माझ्या तोंडानं, रीतसर, एखादा दिवस बघून — काय म्हणता? करू सही? म्हणजे — देता तुम्ही? घरातलं माणूस म्हणून चालतं? कुठं, इथं? तिचं नाव छापलंय त्याच्यापुढं. हं. द्या पेन. — हात पुसतो थांबा.

...

नाही हो. घ्या. घ्या तुमचं पेन परत. मला — घ्या म्हणतो ना. माझं चुकलं तुम्हाला थांबवलं ते.

तुम्ही जा वर. तिच्याच हातात द्या, तिलाच सही करू दे, तिची ती करील. नाही, मी नाही येत, माझ्याच्यानं नाही चढवणार आत्ता. आणि मी काय बोललो ते तिला सांगू नका — नाहीतर सांगा. तुम्हाला काय वाटेल ते करा. गच्चीचं दार लोटलेलंच असतं. खाली कोण आहे विचारलं, तर सांगा, दुकानातच आहेत म्हणावं, कुठं जात नाहीयेत. — जा ना, बघत काय उभ्या राहिलात? जा.