बिनआवाजाचा पंप

माझं माहेर गडहिंग्लजच्या खालतीकडं, पार कर्नाटकाच्या शिवंला, आन सासर हितं कोडोलीत. लगीन झालं तवा मी नववी शिकल्यालो. आमच्याकडं बायका बी आलो, गेलोच म्हणत्यात बरं का ताई, हसू नका, तसंच लिवा. शिकल्याली सून म्हणून सासऱ्यांनी गावच्या दूध संस्थेत लावली, ती अजून तितंच हाय. सकाळ-संध्याकाळ म्हशीवाली रांगंत हुबी, कुणी म्हणायचं आज दूध लई दाट हाय, कुणी म्हणायचं लिटरभर जास्तच भरंल, पर मी डोळ्यावर इस्वास ठेवलाच न्हाय कधी. मापात काय येतंय, फॅट किती लागतंय, तेच खरं.

आमचं मालक गवंडी. लई कामाचा माणूस, पर हट्टी. त्यास्नी आतड्याचा कॅन्सर निघाला, ते दोन हजार सालाच्या पुढं पाच-सा वर्सांनी. आपरेशन झालं कोल्हापुरात, आन मग डॉक्टर म्हणालं, केमोचं बारा डोस द्यायचं, पंधरा दिवसाला एक. थोडं औषध दवाखान्यात, आन ऱ्हायल्यालं बाटलीतनं घरी, दोन दिवस हळूहळू. घरी म्हटल्यावर मी डॉक्टरांनाच इचारलं, घरी कोण डॉक्टर हाय?

तर ती बाटली. बारक्या पोराच्या दुधाच्या बाटलीएवढी, आत औषधानं टरारल्याला फुगा, त्यातनं बारीक नळी निघाल्याली, ती छातीवर कातड्याखाली बसवल्याल्या बटणात सुईनं लावल्याली, वर चिकटपट्टी. मोटार न्हाय, सेल न्हाय, आवाज न्हाय. मी सिस्टरना इचारलं, ह्याला पंप म्हणता, मग ह्यो पाणी वडतोय कशानं? सिस्टर म्हणाल्या, मावशी, ओढत नाही, तो फुगा आकसतो आणि औषध पुढं ढकलतो. नळी मुडपू देऊ नका, बाटली उन्हात ठेवू नका, सांडलं तर उघड्या हातानं शिवू नका, हे हातमोजे घरी न्या. मी म्हटलं, आन चालू हाय का बंद पडलंय ते कळायचं कसं? त्या म्हणाल्या, फुगा बारीक होत जाईल, बघत राहा.

बघत ऱ्हा म्हटल्यावर मी बघतच बसलो की. मालक पोटाशी पिशवीत बाटली घिऊन सोप्यात बसायचं, आन मी भाकरी थापता थापता उठून बघून यायचो. तासानं बघावं तर फुगा तेवढाच, दोन तासानं बघावं तर तेवढाच. दवाखान्यातनं येताना एसटीत एकानं इचारलं, पावणं, बाटलीत काय हाय? मालक म्हणालं, चुना. एवढं चेष्टंखोर माणूस, पर दुसऱ्या डोसाला तोंड आलं, गार पाण्याला बोट लावलं तर मुंग्या याच्या, आन बोलणंच कमी झालं.

तिसऱ्या डोसाला, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांनी नळीच हातात धरली. म्हणालं, ह्यात काय बी चालत न्हाय, नुसतं पाणी टांगलंय गळ्यात, मी काढून टाकतो. व्हय ताई, अक्षी पट्टीला नख लावलंतं. मी हात धरला. म्हटलं, चालत न्हाय हे तुमी डोळ्यानं बघून सांगताय. दुपारपातूर थांबा, खोटं निघालं तर तुमी म्हणशीला तसं करू.

संस्थेच्या फोनवरनं सिस्टरना इचारलं, बाटलीचं वजन केलं तर चालंल का? त्या म्हणाल्या, करा, पण नळी ताणू नका आणि काही उघडू नका. आमच्या शेजारच्या किराणा दुकानात नवा लाईटवरचा काटा आलता, पाच गरॅमबी दावायचा. मालकास्नी काट्याजवळ खुर्चीवर बसवलं, नळी ढिली सोडली, बाटली काट्यावर ठेवली, आकडा वहीत लिवून घेतला. सा तासानं परत तसंच. तीस गरॅम कमी.

मालक त्या आकड्याकडं बघतच ऱ्हायलं. म्हणालं, मग गेलं कुठं? म्हटलं, तुमच्या अंगात. छातीवरच्या पट्टीवर हात ठिवून बसलं. मग हळूच म्हणालं, सांजंला परत ठेवूया काट्यावर. त्या दिवसापास्नं तेच मला हाका मारायचं, चल की, किती गेलं बघू.

नववा डोस थंडीतला. राती आठाला वजन केलं, सकाळी आठाला परत केलं, साठ गरॅम जायला पायजे हुतं ते चाळीसच गेलं. नळी बघितली, कुठं मुडपल्याली न्हाय. फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, नळीच्या टोकाशी छोटा चपटा तुकडा आहे, तो कातड्याला चिकटलाय का? बघतो तर पट्टी सुटून तुकडा स्वेटरच्या वर लोंबतोय, हाताला गारढोण. त्या म्हणाल्या, त्याला अंगाची ऊब लागते मावशी, गार पडला की औषध रेंगाळतं. त्यांनी सांगितलं तसं हातमोजे घालून नवी पट्टी लावली. दुपारी वजन बघितलं, सरळ पडाय लागलंतं. बाटली सुटायला उशीर झाला, पर औषध सगळं गेलं. डॉक्टरांनी माझी वही बघितली आन म्हणालं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, म्हशींनी.

बारा डोस झालं. चार वर्सं झाली आता, तपासणीत काय सापडत न्हाय. बोटं मातूर बधिर ऱ्हायली, थापी धरवत न्हाय, म्हणून मालक दुसऱ्यांच्या कामावर हुबं ऱ्हाऊन चुका काढत्यात. गवंडी वैतागत्यात, त्येला काय इलाज.

माझी एकच गोष्ट ऱ्हायली बघा. शेवटच्या दिशी मी सिस्टरना म्हटलं, ही रिकामी बाटली कापून दावता का, त्यो फुगा आतनं कसा हाय ते बघायचंय. त्या म्हणाल्या, नाही मावशी, ते विष आहे, ते वेगळ्या डब्यात जातं. गेली डब्यात. अजून वाटतंय मला, कसा असंल.

तुमच्या घरात असली बाटली येऊ नये ताई, कुणाच्याच येऊ नये. पर आलीच तर नुसतं भिऊन बसू नका. इचारा. परत इचारा.