विलायतेतली भांडी

एकोणीसशे सत्तावन्न साली पांढुर्ण्याच्या पोस्टात सरलाबाई मास्तरीण रांगेत उभ्या होत्या. पुढे रामाजी आपल्या बायकोला, देवकाबाईला, विलायतेत शिकणाऱ्या मुलाचं पत्र वाचून दाखवत होते.

“गुणवंता तिथं जेवल्यावर भांडे धुऊन राहिला म्हणते.”

“अगं माय! शिकाले धाडला का नोकर व्हाले?”

“घरमालकही संगं धुते. मोठा प्रोफेसर आहे तो.”

“काऊन, बायको नाही त्याले?”

“आहे ना. ती त्या वक्ताले पेपर वाचत बसते.”

“आन् तिले कोणी काही म्हणत नाही?”

“नाही वं. बोल, उत्तरात काय लिवू?”

“लिवा, आल्यावर मलेही वाचाले शिकवजो.”

“त्याले वापस याले दोन वर्षं आहेत.”

सरलाबाईंना राहवलं नाही.

“बाई, तुमचं घर कुठं आहे?”