नानांचा गळ आणि गेलेलं पाणी

आमच्या नानांना नुसतं हट्टी म्हणणाऱ्यांनी त्यांना समुद्रावर पाहिलेलं नाही.

नाना म्हणजे माझे थोरले काका, पाचोऱ्याचे. गिरणा नदीवर त्यांची पद्धत ठरलेली. गळाची काठी काठावर रोवायची, दोरीला घुंगरू बांधायचं आणि खुशाल जेवायला बसायचं. आम्ही कोकणात गेलो, तर नेमकं आदल्याच दिवशी वादळ होऊन गेलेलं. होड्या बंद, बाजारात मासळी नाही, किनाऱ्यावर ओंडके आणि फाटकी जाळी. नाना म्हणाले, "आज मासा मी धरस." पाण्याच्या कडेला काठी रोवली, शेजारी चपला काढल्या आणि आम्ही वर सुरूच्या सावलीत कळण्याची भाकरी सोडली.

जेवून बघतो तर काठी कोरड्या वाळूत उभी आणि समुद्र पार लांब गेलेला.

जाळं सोडवत बसलेली एक कोळीण म्हणाली, "बाबा, ओहोटी आहे. काठी पुढे न्या."

"काठी आठेच राही," नाना म्हणाले. "पाणी गयं शे, ते यी बी." आणि ओंडक्यावर बसून राहिले.

उन्हं कलली तसं पाणी खरंच काठीपर्यंत आलं. सगळ्यांची नजर घुंगरावर, त्यामुळे चपला वाहून गेल्या ते कुणालाच दिसलं नाही. घुंगरू वाजलं. नानांनी सावकाश दोरी ओढली. गळाला त्यांचीच डावी चप्पल.

कोळणीने तोंडाला पदर लावला. नानांनी चप्पल झटकून पायात घातली, गळाला पुन्हा कणकेची गोळी लावली.

"एक ऊनी," ते म्हणाले, "दुसरीबी यी."