इंगेबाईंची बोळवण

वनमाला : हॅलो, पोलीस ठाणं ना? लिहून घ्या, साहेब. तारीख पाच नोव्हेंबर, साल दोन हजार बावीस, मुक्काम नांदूरघाट. मी वनमाला, निवृत्त मुख्याध्यापिका, विश्वस्नेह मंडळाच्या इथल्या शाखेची अध्यक्ष. हरवलेल्या बाईंचं नाव इंगे. वय एकाहत्तर, देश डेन्मार्क... नाही हो, फिरायला आलेल्या नाहीत. आमच्या मंडळाच्या पाहुण्या आहेत. एका देशातले सभासद दुसऱ्या देशातल्या सभासदांच्या घरी चार दिवस राहतात, तशा... अंगावर? हिरवं नऊवारी. हो, आम्हीच नेसवलं. पायात पांढरे बूट.

छबुबाई : आन कपाळाला मळवट भरलाय, ते बी सांगा.

वनमाला : तुम्ही जरा गप्प बसा, छबुबाई. साहेब, हसू नका. ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्या असाव्यात. ट्रॅक्टर सटवाचा. मांजरसुंब्याकडं... बरं. लवकर बघा.

छबुबाई : काय म्हणला?

वनमाला : नाक्यावर माणूस पाठवतो म्हणाले. आता मला पहिल्यापासून सांगा. तुमच्या घरी त्या उतरल्या होत्या, शेवटचं कधी पाहिलंत?

छबुबाई : सकाळी नवाला. टोळी निघाली तवा बायकांच्या ओट्या भरल्या, पाहुणीची बी भरली. ट्रॅक्टर हालला तशी ती आमच्या रुक्मिणीचा हात धरून ट्रालीत चढली. मला वाटलं, सुनंला वेशीपर्यंत बोळवायला चाललीय. वेशीत मारुतीपुढं नारळ फुटतो, बोळवणारे उतरतेत, टोळी फुडं जाती. दर सालचं हाय.

वनमाला : मग आज उतरल्या का नाहीत?

छबुबाई : वेशीत पाइपासाठी रस्ता उकरलाय. सटवानं मागच्या मागं गाडी काढली. थांबलाच न्हाई.

वनमाला : ट्रॉलीत वीस बायका होत्या. एकीच्याही लक्षात आलं नाही, की ही बाई ऊस तोडायला निघालेली नाही?

छबुबाई : आलं आसंल की. पर पाहुणीला उतर कसं म्हनावं? पाहुणी कधी जाणार, आसं बी इचारीत न्हाई आपुन. आन तुमीच भाषणात म्हणला, आजपासून ह्या तुमच्या टोळीतल्याच.

वनमाला : अहो, भाषणात म्हणतात तसं! आणि बारापर्यंत मला खबर का नाही दिली?

छबुबाई : मला वाटलं, परस्पर तुमच्याकडं गेली. शिवणवर्गाच्या कार्यक्रमाला.

वनमाला : आणि मला वाटलं, तुमच्याकडं आहेत. रुक्मिणीचा फोन लावा पुन्हा.

छबुबाई : बंद हाय. सटवाला ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू येत न्हाई. पाहुणीचा फोन तर हितं खुंटीला लटकतोय.

वनमाला : हे ताटात काय आहे?

छबुबाई : पोहे. तिला दिलते सकाळी. टोचून घेतलं पोटात, दोन घास खाल्ले, तेवढ्यात हलगी वाजली. पळाली बाहीर, लेकरावानी.

वनमाला : टोचून घेतलं? खाण्याआधी?

छबुबाई : रोजच घेती. कावून? काय झालं? बाई, अशा बघू नका.

वनमाला : त्या इंजेक्शननं रक्तातली साखर उतरते, छबुबाई. वर खाल्लं नाही तर उतरतच राहते. माणूस आधी थरथरतं, मग बेशुद्ध होतं. मग जातं.

छबुबाई : आसं न्हाई व्हनार. ट्रालीत भाकरी हायेत, लाडू हायेत.

वनमाला : मग देतील ना बायका?

छबुबाई : भाकरीचं गठुडं लिंबागणेशाला गणपतीचं दर्शन झाल्याबिगर सोडीत न्हाईत. लाडू... लाडू न्हाई देणार.

वनमाला : का?

छबुबाई : मी ताकीद दिलीय समद्यांना. हिला साखरंचा आजार हाय, ग्वाड हाताला लागू देऊ नका, च्या बी कोरा द्या. रुक्मिणीला तर शपथ घातली. तुमीच म्हणला व्हता ना मला?

वनमाला : मी म्हणाले होते, साखरेचा आजार आहे, सांभाळा.

छबुबाई : मग सांभाळलंच की.

वनमाला : त्यांच्या शाखेनं चार पानं पाठवली होती इंग्रजीत. शेवटी लाल अक्षरांत लिहिलं होतं, घाम सुटला, हात कापले तर ताबडतोब साखर द्या.

छबुबाई : हे न्हाई सांगितलं मला.

वनमाला : नाही.

छबुबाई : बाई, ती परदेशातून माझ्या घरी आली व्हती. माझ्या.

वनमाला : लावा. लावत राहा.

छबुबाई : लागला! वाजतोय! रुक्मिणे!

रुक्मिणी : आत्याबाई? आवो, आत्ताच हाटेलात जरा चार्ज करून आणला. लिंबागणेशाला आलोत. गर्दी लई...

छबुबाई : पाहुणी कुठं हाय?

रुक्मिणी : हाय की. ट्रालीत निजलीय. घामानं भिजलीय निस्ती. मगाशी हात कापत व्हते, तिच्या बोलीत काय तर बडबडत व्हती. ऊन लागलं म्हणून डोक्यावर वलं फडकं ठिवलंय.

वनमाला : रुक्मिणी, मी वनमालाबाई बोलते. हाक मारली तर ओ देते का?

रुक्मिणी : न्हाई, बाई. डोळे वर गेलेत.

वनमाला : साखर दे तिला. ह्या क्षणी.

रुक्मिणी : साखर? तिला साखरंचाच तर आजार हाय! मरंल ना ती.

छबुबाई : रुक्मिणे, मी सांगते. दे.

रुक्मिणी : काल तुमीच माझ्या लेकराची शपथ घातली, आत्याबाई. सकाळी हात पसरून लाडू मागत व्हती, तरी मी दिला न्हाई. आन आता माझ्या हातानं काय झालं म्हंजी?

छबुबाई : शपथ मी घातली, मीच सोडवते. काय झालं तर माझ्या नावावर. दे म्हणते ना, पोरी!

वनमाला : तोंडात पाणी ओतू नकोस, श्वासात जाईल. कुशीवर वळव. साखर ओली कर, बोटानं गालाच्या आतून हिरड्यांना चोळ. थोडी थोडी.

रुक्मिणी : थांबा. ओ सटवादादा, हाटेलातून साखर आणा! पळा!... दात आवळलेत, बाई.

वनमाला : दातांत बोट घालू नको. बाजूनं. गालातून.

रुक्मिणी : चोळतीय... काय न्हाई व्हत. गार पडलीय.

छबुबाई : थांबू नगंस. चोळ.

वनमाला : सटवाला सांग, दिसेल ती जीप अडवा आणि पाटोद्याच्या दवाखान्यात न्या. डॉक्टरला सांग, इंजेक्शन घेतलं होतं, खाल्लं नव्हतं. म्हण बघू.

रुक्मिणी : इंजेक्शन घेतलं व्हतं, खाल्लं नव्हतं. इंजेक्शन घेतलं... आत्याबाई, फोन...

छबुबाई : रुक्मिणे? रुक्मिणे!

वनमाला : बंद पडला.

छबुबाई : परत लावा. बाई, परत लावा की!

(तीन वर्षांनंतर. छबुबाईंच्या ओसरीवर.)

छबुबाई : या, बाई. पुण्याहून कवा आलाव?

वनमाला : काल. मुलाकडं करमत नाही. तुम्हाला एक सांगायचं होतं. इंगेबाई गेल्या, छबुबाई. फेब्रुवारीत, झोपेतच. त्यांच्या मुलीचं पत्र आलं.

छबुबाई : गेली? देवा. पाटोद्यात जागी झाली तवा डाक्टरला इचारत व्हती म्हणं, टोळी कुठवर गेली.

वनमाला : मुलीनं लिहिलंय, ते हिरवं नऊवारी शेवटपर्यंत जपून ठेवलं होतं. आपली रुक्मिणी कशी आहे?

छबुबाई : अंगणवाडीत मदतनीस झाली. ऊसतोड सुटली एकदाची. सटवा अजून ट्रॅक्टरच हाकतोय. आता निघताना बोळवणाऱ्यांना वर चढूच देत न्हाई, बायका शिव्या घालतेत त्याला. आपुन दोघी सोडून मंडळाची आठवण कोन काढीत न्हाई बगा.

वनमाला : मला सगळं आठवतं. जपानच्या दोघी तुमच्या जात्यावर बसल्या होत्या, पीठ कमी आणि हसू जास्त. डोळ्यांचं शिबिर. शाळेच्या पोरींनी वीस देशांची निशाणं शिवली, दोन उलटी शिवली.

छबुबाई : मग आपली शाखा बंद कावून केली वरच्यांनी? बाई तर वाचली व्हती. तिनं सोता लिवलं ना, बंद करू नका म्हणून?

वनमाला : लिहिलं होतं. पण चौकशी झाली. मुख्य कार्यालयानं अहवाल मागितला, तो मी लिहिला.

छबुबाई : काय लिवलं?

वनमाला : लिहिलं की यजमान सभासदानं आजाराच्या सूचना पाळल्या नाहीत. खाली तुमचं नाव लिहिलं. ती चार पानं माझ्या टेबलाच्या खणात होती, ते नाही लिहिलं. शाखा वाचेल, असं वाटलं होतं. नाहीच वाचली.

छबुबाई : माझी सही घ्यायला आणलता, त्यो कागद?

वनमाला : तोच.

छबुबाई : मला वाटलं, आभाराचा हाय.

वनमाला : तुम्ही विचारलं असतंत तर...

छबुबाई : तुमी आणलता, बाई. म्हणून इचारलं न्हाई.