कॅप्टनची सही

माझ्या पोस्टकार्डांच्या नादाला हसता ना? मग हे ऐका. गिरीज गावचे पास्कू अंकल पूर्वी बोटीवर होते. त्यांनी मला अमेरिकेतल्या कुठल्याशा छोट्या गावच्या बेसबॉल टीमचं जुनंपुराणं पोस्टकार्ड दिलेलं. परवा तस्संच कार्ड ऑनलाइन लिलावात दीड लाखाला गेलं! आणि माझ्या कार्डावर तर कॅप्टनची पेन्सिलीनं केलेली सही!

मी ओरडलोच, "अगं, आपलं कार्ड कुठंय?"

बायको म्हणाली, "आधार कार्डं लॅमिनेट करायला तुळिंजला गेले होते ना, तेही करून आणलं. फाटायला आलं होतं."

मी कळवळलो, "अगं, लॅमिनेट केलेलं कार्ड कुत्रंसुद्धा विचारत नाही!"

"काहीतरीच! केवढं छान दिसतंय. कुणीतरी पेन्सिलीनं गिरगटलेलं, तेसुद्धा मी आधी खोडरबरानं पुसून घेतलं."